उतरता खांदा

"मॅडम, खांदा जरा उतरतोय," ती मुलगी म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने तो वर ओढलासुद्धा.

कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम म्हणजे एक पडदा, एक आरसा आणि डोक्यावर असा दिवा, की त्याच्याखाली कुठल्याही बाईने स्वतःकडे बघू नये. तिसरा ड्रेस चढवून मी उभी होते. पाठीवरची चेन अर्ध्यात अडकली म्हणून त्या मुलीला आत बोलावलं, तर चेन राहिली बाजूला आणि ती माझ्या उजव्या खांद्याच्या मागे लागली. तिने ओढला, तो उतरला. पुन्हा ओढला, पुन्हा उतरला. "आधीचे दोन घालून बाहेर आलात, तेव्हा पण हाच उतरत होता," ती आपली सहज म्हणाली, "आतून पिन लावा ना, कळणारपण नाही." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तो ड्रेस मी अडकलेल्या चेनसकट डोक्यावरून उपसून काढला आणि स्वतःचे कपडे चढवून केसांचं टोपलं तसंच घेऊन रस्त्यावर आले. मुलीची काही चूक नव्हती. ती मला ओळखत नव्हती, आमच्या ताईंना तर नाहीच नाही. आणि तरी तेच वाक्य, अगदी त्याच सुरात. माझ्या खांद्यावर कुणी पाटी लावून ठेवली आहे की काय, जो येतो तो वाचून दाखवतो.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. बाई मनाने वाईट नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. ताईंना वाकडं काही बघवत नाही, एवढंच. कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवरची फ्रेम सरळ करणार, मग टेबलावरचं कापड, मग समोरच्याची कॉलर, आणि मग 'काय गं, कशी आहेस?'. जन्मभर मोठ्या कचेरीत माणसं हाताखाली घेऊन बसल्या, तिथेही हेच करत असणार. काही वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला मी स्वतः शिवलेला ड्रेस घालून गेले होते. तेव्हा मी सगळंच शिवायची. माझे, मुलीचे, शेजारणींचे, उशांचे अभ्रे, पडदे, काही म्हणून बाहेर द्यायचं नाही. तो ड्रेस मोठ्या हौसेने केला होता, गळ्याला बारीक चुण्या, बाह्या कोपराच्या जरा खाली. आणि ताई दारातच म्हणाल्या, "अगं, खांदा उतरतोय तुझा." ओढला. मग जेवणाच्या टेबलाशी ओढला. केक कापताना ओढला. दर थोड्या वेळाने तो हात यायचा, बोटांच्या चिमटीत कापड धरायचा आणि वर सरकवायचा. शेवटी सगळ्यांच्या देखत हसून म्हणाल्या, "घरी शिवलं की हे असंच व्हायचं. आणि ही म्हणते कापडच सुळसुळीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे हसले. मीही हसले, न हसून जाते कुठे. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ताईंचा हात माझ्या खांद्यावर आहे. बघणारे म्हणतात, किती गोडवा आहे हो नणंद-भावजयीत.

घरी येऊन मी तो खांदा उसवला. पुन्हा शिवला, घालून बघितला, उतरला. पुन्हा उसवला. अर्धं ब्लेड घेऊन खिडकीत बसायचं आणि आपलीच टीप आपणच कापत जायचं, याच्यासारखं तोंडाची चव घालवणारं काम नाही. शेवटी शिवणीच्या बाजूने कापडाला जाळी पडली आणि मी तो ड्रेस फरशी पुसायला घेतला. मुलीच्या कपड्यांना हात लावायला भीती वाटायला लागली. अभ्रा शिवतानासुद्धा दहादा मोजायची. मग एक दिवस मशीनवर चादर टाकली, ती टाकलीच. चादरीवर ह्यांच्या किल्ल्या आल्या, मग वर्तमानपत्रं, मग इस्त्रीचे कपडे, मग एक मरतुकडं कुंडीतलं झाड. घरात आलेल्या माणसाला मी सांगायची, वेळच मिळत नाही हो. वेळ होता. हात गेला होता. हात गेला म्हणजे काय ते शिवणाऱ्यालाच कळतं, कापड समोर पसरलं की कात्री हातात जड होते आणि पोटात गोळा येतो.

आणि आता येत्या रविवारी दुपारी ताईंच्या निवृत्तीचा समारंभ होता. हॉल घेतलेला, जेवण, भाषणं, फोटो, आणि माणसं तीच सगळी, वाढदिवसाला हसलेली. म्हणून तर दुकानात गेले होते, बाहेरचं का होईना पण धड काहीतरी घालावं म्हणून. बसमध्ये उभ्या उभ्या माझं डोकं जे फिरायला लागलं ते थांबेना. माझा उतरला तर माझा हात वाईट. आणि एवढ्या मोठ्या कारखान्यात शिवलेले, छापील लेबलं लावलेले तीन-तीन ड्रेस उतरले तर? तेव्हा कुणी म्हणणार नाही की कारखान्याला शिवता येत नाही. तेव्हा पिन लावा. एवढी वर्षं मी त्या मशीनकडे पाठ करून जेवले, आणि हे लोक खुशाल उतरते खांदे विकतात! खरं म्हणजे तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण राग आला की मला बाकी काही दिसत नाही, एवढंच दिसलं की उतरायचाच असेल तर माझ्या हातचा उतरू दे. एकदा, एकदाच, माझ्या हातचं घालून त्या हॉलमध्ये उभं राहायचं आणि कुणाचा हात माझ्या खांद्याकडे येता कामा नये. नाही जमलं तर सोमवारी मशीन भंगारात. हे मी बसमध्ये मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारच्या बाई जरा सरकल्या.

"हे सगळं आता कुठे ठेवू?" मी मशीन रिकामी करायला घेतली होती आणि हे खोलीच्या मधोमध उभे, किल्ल्या, पेपर आणि कुंडी कवेत घेऊन.

"तुमच्या डोक्यावर ठेवा."

मशीनला तेल घातलं. पट्टा सैल पडला होता तो कापून पुन्हा जोडला. आधी दोरा न घालता नुसतीच जुन्या पेपरवर चालवली, आई शिकवताना चालवायला लावायची तशी. पेपरला सरळ भोकं पडली तेव्हा जरा बरं वाटलं. मग दोरा घातला आणि चिंधीवर पहिली टीप मारली, तर खाली हा गुंता! खालच्या दोऱ्याची बॉबिन काढा, गुंता कापा, पुन्हा भरा, पुन्हा गुंता. सुई मोडली. दुसरी सुई मी उलटी बसवली, मी, जिने डोळे मिटून सुया बसवल्या आहेत. हे आतून ओरडले, "जमतंय का?" या माणसाला हा प्रश्न नेमका कधी विचारू नये हे कळायला अख्खा संसार अपुरा पडला. मी गुंता काढत बसले आणि गंमत म्हणजे मला पायांचीच लाज वाटत होती, ते लयीत पडत नव्हते, एक पुढे तर एक मागे. आई म्हणायची, मशीन हाताने नाही, पायाने शिकायची असते. तिसऱ्या-चौथ्या चिंधीला पाय पडले आणि आवाज बदलला. खडखड थांबून तो एकसारखा सूर आला. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, चिंधीसाठी काय रडायचं.

कपाटाच्या तळाशी एक निळं कापड होतं, त्या वाढदिवसाच्या आधी घेतलेलं आणि न कापलेलं. तेवढंच होतं, चुकलं तर दुसरं नाही. राहिली मापं. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, ही शिवणाऱ्या बाईची जुनी अडचण. टेप बघायला मान खाली घातली की पाठ वाकते आणि माप खोटं येतं. पूर्वी मी आपली जुन्या कपड्यावरून कापायची. आता जुना कपडा फरशी पुसून संपला होता, आणि अंगही जुनं राहिलं नव्हतं. ह्यांना हाक मारली. हे एका दुकानासाठी स्वयंपाकघरातली कपाटं बसवतात. आले ते स्वतःचा लोखंडी टेप घेऊनच.

"माझा कापडी घ्या. तो टेप गार लागतो."

"तुझा ओढून ओढून लांब झालाय. त्याने घेतलं तर कपाट भिंतीत शिरणार नाही."

"मी कपाट नाहीये."

"कपाट बरं, बोलत नाही. हात खाली सोड."

आणि या माणसाने जमिनीपासून माप घ्यायला सुरुवात केली. खरंच सांगते. पायाशी उकिडवे बसून टेपचं टोक फरशीला लावलं आणि वर खांद्यापर्यंत ताणलं. मी म्हटलं, अहो, माणसाचं माप वरून खाली घेतात. म्हणाले, वरचा काय भरवसा, जमीन तरी सरळ असते. छाती, कंबर, मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल, सगळं घेतलं, दोनदा टेप सटकन मिटून माझ्या कानाशी वाजला, आणि मी सुटले म्हणून हात खाली घेणार तर हे दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पायाशी बसले.

"आता काय?"

"ही बाजू."

"तीच असते ती. एकच घ्यायची."

"कोण म्हणालं?"

कोण म्हणालं म्हणजे काय, सगळेच म्हणतात! आई म्हणायची. कापड मधोमध दुमडायचं, त्यावर अर्ध्या अंगाचं आखायचं आणि दोन्ही पदर एकदम कापायचे, उलगडलं की दुसरी बाजू आपोआप तयार. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. जगातला प्रत्येक शिवणारा माणूस अर्धंच अंग मोजतो. हे मी ह्यांना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. हे टेप ताणत शांतपणे म्हणाले, "आम्ही दोन्ही भिंती मोजतो. घरं दिसतात तशी नसतात." मग टेप पुन्हा लावून बघितला. मग, "पाऊण इंच फरक आहे."

"टेप नीट धरा."

"नीटच आहे. उजवा खाली."

"मग फरशी वाकडी असेल!"

हे उठले, आत गेले, आणि ती पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हलची पट्टी घेऊन आले. माझ्या पायापाशी फरशीवर ठेवली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. "फरशी सरळ आहे," हे म्हणाले, आणि नशीब माझं, पट्टी उचलून आत निघून गेले.

मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. पहिल्यांदाच बघितलं असं नाही, रोजच बघतो आपण, पण टिकली बघतो, पिकलेले केस बघतो. डावा खांदा वर होता. कानाच्या दिशेने उचललेला, काहीतरी ऐकत असल्यासारखा. मला हसू आलं आणि मग हसू जाऊन इतका संताप आला की मी कंगवा आपटला. माझी नोकरी तक्रारींच्या टेबलावर. पार्सल पोचलं नाही, पोचलं ते फुटलं, फुटलं नाही पण दुसऱ्याचंच आलं. लग्नाच्या आधीपासून मी तिथे बसते. डाव्या खांद्याने रिसीव्हर कानाशी दाबून धरायचा, कारण उजव्या हाताने लिहायचं असतं. हो साहेब, समजलं साहेब, बघते साहेब. अर्धं आयुष्य लोकांचं ऐकत तो खांदा वर गेला आणि तिथेच राहिला, आणि दुसरा बिचारा होता तिथेच होता, त्याला सगळे उतरला म्हणत होते. मी कापत होते सरळ. माझा हात सरळ होता! मी जे जे उसवलं ते सगळं बरोबर शिवलेलं होतं. अंगण वाकडं, ताई, अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मोजायचं कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच. एवढ्या वर्षांचं काय करू आता मी? मुलीची शाळा संपली, तिचे सगळे कपडे विकतचे, कुणाला सांगू? ह्यांनी चहा केला आणि माझ्या शेजारी ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कापड जमिनीवर पसरलं. सवयीने दुमडलं आणि उलगडलं. पुन्हा दुमडलं. हाताला सांगून कळेना. न दुमडता कापायचं म्हणजे डावी-उजवी वेगळी आखायची, आधाराला काही नाही, चूक झाली तर ती एकाच बाजूला, उघडी. खडूने डावा खांदा आखला. उजवा पाऊण इंच खाली आखला आणि बघितलं तर इतकं विचित्र दिसत होतं, की आई असती तर तिने पट्टी मारली असती बोटांवर. पुसला. पुन्हा तिथेच आखला. मुंढाही तेवढाच खाली घेतला. कात्री घेतली, ठेवली, पाणी प्यायले, दारावर कुणी आलं का बघून आले, कुणी आलं नव्हतं. शेवटी स्वतःलाच शिवी घातली आणि कापलं. कात्री कापडातून जाताना जो कर्र आवाज होतो तो इतक्या दिवसांनी ऐकला, आणि पोटातला गोळा होता तिथेच होता, पण हात चालत होता. मला वाटायचं आधी गोळा जाईल आणि मग हात चालेल. तसं काही नसतं म्हणायचं.

कचेरीतून आलं की बसायचं, जेवायच्या वेळेला उठायचं. बाह्या बसवताना एकदा उसवावं लागलं, पण ते माझ्याच घाईने, त्याचं काही वाटलं नाही. शनिवारी दुपारी खालची दुमड हाताने घातली, इस्त्री केली आणि ड्रेस हँगरला लावून कपाटाच्या दाराला अडकवला. आणि तो वाकडा दिसला. वाकडा म्हणजे सरळ सरळ वाकडा, उजवीकडे लोंबणारा. हे जाता जाता थांबले, मान कलती करून बघितलं आणि शहाण्यासारखे निघून गेले. मी स्वतःशी म्हणत होते, हँगर सरळ आहे म्हणून वाकडा दिसतोय, तू हँगर नाहीस. पटत होतं आणि पटत नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली आणि दारात ताई.

"सहज आले," ताई म्हणाल्या. ताई सहज कधी येत नाहीत. चपला काढून त्यांनी त्या जोडीने भिंतीला सरळ लावल्या, माझ्याही लावल्या. मग म्हणाल्या, उद्या बोलायचंय चार वाक्यं, ऐकतेस का. उभ्या राहिल्या, घसा साफ केला, "माझ्या सहकाऱ्यांनो," म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य येईना. पुन्हा 'सहकाऱ्यांनो'. पुन्हा थांबल्या. "जाऊ दे, उद्या येईल," म्हणत इकडेतिकडे बघायला लागल्या, काहीतरी सरळ करायला मिळतंय का ते, आणि मिळालं. तरातरा कपाटापाशी गेल्या, हँगर नीट केला. ड्रेस पुन्हा उतरला. पुन्हा नीट केला. "अगं, तू शिवलास? हे एका बाजूला उतरलंय गं. कटिंगच चुकलंय. अजून वेळ आहे, आज उसवून घे. मी तुझ्या भल्यासाठी सांगते." भल्यासाठी! माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, रिसीव्हर, फरशी, बुडबुडा, सगळं. पण तक्रार ऐकायची सवय लागली की करायची मोडते बहुतेक. मी म्हटलं, "बघते."

ताई गेल्या आणि मी अर्धं ब्लेड घेऊन खिडकीत बसले. ड्रेस मांडीवर, उजवा खांदा बोटात. पहिला टाका ब्लेडच्या टोकावर घेतलासुद्धा. मला सांगायला आवडलं असतं, की तेव्हा माझ्यात कुठून तरी धीर आला. धीरबीर काही आला नाही. कंटाळा आला. त्या खांद्याचा, त्या ब्लेडचा, उसवून उसवून शेवटी फरशी पुसण्याचा असा वीट आला, की मी ब्लेड खिडकीत ठेवलं, ड्रेस अंगात घातला आणि उठून सरळ भांडी घासायला लागले. भांडी घासली, ओटा पुसला, वरच्या फळीवरचा डबा काढला, परत ठेवला. एकदाही हात खांद्याकडे गेला नाही. हे मला डबा ठेवून झाल्यावर कळलं. निळ्या कापडावर साबणाचे शिंतोडे उडाले होते ते पुसले आणि ह्यांना ओरडून सांगितलं की उद्या वेळेवर आवरा.

हॉलमध्ये सगळी तीच माणसं. ताईंनी दारातच माझ्याकडे बघितलं, नजर आधी खांद्यावर. पण त्यांना कुणीतरी ओढून नेलं. लोक येत होते, 'किती दिवसांनी', 'बारीक झालीस', 'जाड झालीस', जो तो आपापल्या मनाचं सांगत होता, आणि माझं लक्ष एकाच ठिकाणी, टाचलेलं. उतरतोय का. उतरत नव्हता. जेवण झालं, बोलणारे बोलले, ताईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "तू चल गं बरोबर." ताई कुणाला बरोबर चल म्हणाल्याचं मला आठवत नाही. माझ्या दोन्ही हातांत त्यांना मिळालेल्या फुलांचा भलामोठा गुच्छ. तशीच जाऊन माईकशेजारी उभी राहिले. "माझ्या सहकाऱ्यांनो," ताई म्हणाल्या. आणि थांबल्या. पुढच्या खुर्चीतलं कुणीतरी खोकलं. समोर सरळ करायला काहीसुद्धा नव्हतं, ना फ्रेम, ना टेबलावरचं कापड, नुसती माणसं. आणि मग तो हात आला. मला बघायचीसुद्धा गरज नव्हती. उजव्या खांद्यावर आला, बोटांची चिमूट झाली, कापड धरलं आणि वर ओढायला गेला. ओढायला काही नव्हतं. बोटं शिवणीवरून गळ्यापर्यंत गेली, परत आली, मागे चाचपून आली. मी फुलांच्या आडून हळूच म्हटलं, "ताई, तिथे काही नाही. बोला आता." हात काढतील असं वाटलं. काढला नाही. चिमूट सुटली आणि पंजा तसाच खांद्यावर टेकला, पूर्ण भाराने, आधाराला धरावा तसा. ताई बोलायला लागल्या. समोरून कुणीतरी फोटो काढला. भाषण संपेपर्यंत ताई माझ्यावर रेलून उभ्या होत्या, आणि बाई काही हलकी नाही. खांदा उतरला नाही.